१८ प्लस स्टोरी गेममधला ऑप्शनल कंटेंट: किती बनवायचा, कुठं हात आखडायचा

मी सोलापूरचा, जुळे सोलापूरला राहतो, दिवसभर अक्कलकोट रोड एमआयडीसीत एका टॉवेल कारखान्याचं अकाउंट आणि डिस्पॅच बघतो आणि रात्री दहा वाजले की गेम बनवायला बसतो. टीम म्हणजे दोघंच, माझी एक मैत्रीण चित्रं काढते आणि मी लिहितो, कोड करतो, टेस्ट करतो. गेम रेनपाय या गेम बनवायच्या सॉफ्टवेअरवर आहे, व्हिज्युअल नॉव्हेल टाइपचा, म्हणजे चित्रं बघत वाचायचा आणि मध्ये मध्ये निवडी करायचा, मोठ्या माणसांसाठीचा. रेवती नावाची चौतीस वर्षांची बाई, नवरा पुण्यात नोकरीला, ही इथं कारखान्यात हिशोब बघते, आणि तिच्या आयुष्यात जे काही होतं, प्रेम, मोह, कर्ज, सासूचं आजारपण, ते सगळं त्यात आहे.

पहिल्या खेपेला आम्ही चार रूट घेतले होते. चार माणसं, प्रत्येकाबरोबर वेगळी गोष्ट, प्रत्येक चॅप्टरला प्रत्येकाचा वेगळा सीन. पहिला चॅप्टर झकास झाला, दुसऱ्याला दुप्पट वेळ लागला, आणि तिसऱ्या चॅप्टरला दीड वर्षानं आम्ही थांबलो कारण एक साधा जेवणाचा सीन मला सात प्रकारे लिहावा लागत होता. कोणाबरोबर काय झालंय, काय नाही झालं, कोणाला काय कळलंय. मग सगळं बाजूला ठेवून पहिल्यापासून सुरू केलं. त्यातून जे हाताला लागलं ते इथं पायरीपायरीनं सांगतोय, एकट्यानं किंवा दोघातिघांनी गेम करणाऱ्या कुणाला उपयोग झाला तर लई बरं वाटेल.

आधी दोन गोष्टी मिटवून घ्या

एक म्हणजे कायदा. आपल्याकडं आयटी कायद्याचं कलम ६७ अश्लील मजकूर ऑनलाइन टाकण्याबद्दल आहे आणि ६७अ उघड लैंगिक मजकुराबद्दल, त्यात पहिल्याच गुन्ह्याला पाच वर्षांपर्यंत कैद आणि दहा लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. परदेशातले डेव्हलपर जे बिनधास्त टाकतात ते बघून आपण तसंच करू असं समजू नका, वकिलाला विचारा. आम्ही ठरवलं की सूचक ठेवायचं, दार लागतं आणि सीन संपतो. त्यानं गोष्ट कमी मोठ्यांची होत नाही, उलट दार लागायच्या आधीचे संवाद जास्त नीट लिहावे लागतात. दुसरी गोष्ट, गेममधलं प्रत्येक पात्र प्रौढ, वय स्पष्ट लिहिलेलं. यात चर्चा नाही.

पायरी १: ऑप्शनल म्हणजे नक्की कुठलं ते वेगळं करा

आम्ही सगळ्यालाच ऑप्शनल म्हणत होतो आणि तिथंच घोळ झाला. मला आता तीन वेगळ्या गोष्टी दिसतात.

पहिली, शोधून मिळणारा कंटेंट. खेळणारा गच्चीवर गेला तर सीन मिळतो, नाही गेला तर त्याला कळतही नाही की काही होतं. दुसरी, टाळता येणारा कंटेंट. म्हणजे गोष्टीत तो येणारच आहे पण कुणाला नको असेल, दारू पिऊन मारहाणीचा प्रसंग असेल, फसवणुकीचा असेल, जवळिकीचा असेल, तर त्याला तो वगळून पुढं जाता आलं पाहिजे. तिसरी, आधीच्या निवडीमुळं बदलणारा कंटेंट. तोच सीन, पण रेवती आधी खोटं बोलली असेल तर वेगळा, खरं बोलली असेल तर वेगळा.

खर्चाच्या हिशोबानं या तिन्ही एकदम वेगळ्या आहेत. शोधून मिळणारा सीन एकदा बनवला की झाला, तो गोष्टीच्या अंगाला खिशासारखा शिवायचा. टाळता येणाऱ्याला दुहेरी काम आहे, कारण वगळल्यावर जे भोक पडतं ते भरणारं काहीतरी लिहावंच लागतं. आणि बदलणारा सगळ्यात महाग, कारण तो पुढच्या प्रत्येक चॅप्टरला परत हिशोब मागतो. एक वही घ्या, मनात असलेले सगळे सीन लिहा आणि प्रत्येकापुढं शो, टा, ब असं एक अक्षर टाका. आमच्या पहिल्या आराखड्यात एक्केचाळीस सीन होते आणि त्यातले सव्वीस ब होते. ते बघितल्यावरच कळलं आपण का अडकलो.

पायरी २: सगळ्याला नाही म्हणणाऱ्याचा गेम आधी पूर्ण करा

म्हणजे असा खेळणारा डोळ्यासमोर आणा जो प्रत्येक ऑप्शनल गोष्टीला नाही म्हणतो. गच्चीवर जात नाही, चहाला थांबत नाही, कुणाच्या मेसेजला उत्तर देत नाही. त्याला जो गेम मिळेल तो पहिल्यापासून शेवटपर्यंत आधी लिहून, खेळता येईल असा करून ठेवा, चित्रं कच्ची असली तरी चालतील, करड्या रंगाचे ठोकळे ठेवा. आणि तो गेम चांगला वाटला पाहिजे. रेवतीचं कर्ज, सासू, नवऱ्याचं गप्प होत जाणं, हे सगळं त्यातच आहे. जर हा कणा कंटाळवाणा असेल तर त्याला कितीही रोमान्सचे सीन चिकटवा, खेळणारा सीन ते सीन उड्या मारत जाईल आणि मधलं सगळं स्किप करेल.

स्टीम या गेमच्या ऑनलाइन दुकानातून विकत घेतलेला गेम चौदा दिवसांच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळलेला असेल तर परत करता येतो. म्हणून पहिल्या दोन तासांत कणा मजबूत पाहिजे, तिथं ऑप्शनल थोडंच. आम्ही पहिल्या चॅप्टरला फक्त दोन खिसे, म्हणजे शोधून मिळणारे सीन, ठेवलेत, तेवढ्यानं खेळणाऱ्याला कळतं की या गेममध्ये वाट वाकडी केली तर काहीतरी मिळतं.

पायरी ३: प्रत्येक सीनची खरी किंमत काढा

इथं कारखान्यातली सवय कामाला आली. आमच्याकडं टॉवेलची किंमत काढताना नुसतं सूत धरत नाहीत, रंग, शिलाई, पॅकिंग, लाइट बिल, रिजेक्ट माल सगळं धरतात. सीनचंही तसंच करा. गच्चीचा सीन घेतो, लाइट गेलेली, रेवती आणि गोडाऊनचा सुपरवायझर बोलत बसलेत. लिहायला चार तास, नवी गच्ची आणि दोन नवे पोज काढायला नऊ, कोड दोन, आवाज आणि म्युझिक एक, टेस्टिंग तीन, इंग्रजी भाषांतर दोन. एकूण एकवीस तास. रोजचे दोन तास धरले तर साडेदहा रात्री.

आता दुसरा आकडा, तो बघणार किती जण. हा आकडा लोक फार मोठा धरतात. समजा चौथ्या चॅप्टरपर्यंत निम्मे खेळणारे पोचले, त्यातल्या तिघांतला एक सुपरवायझरच्या बाजूला वळला, आणि सीन उघडायला लागणारे, आत लपून मोजले जाणारे पॉइंट त्यातल्या निम्म्यांचे पुरेसे भरले. झाले किती? बारातला एक. शंभरातले आठ. एकवीस तासांना बाराने गुणलं तर दोनशे बावन्न तास, म्हणजे सगळ्यांना दिसणारं दोनशे बावन्न तासांचं काम जेवढं जड तेवढा हा एक सीन जड पडला. असा आकडा काढून त्या सीनपुढं लिहायचा. सीन रद्दच करा असं मी म्हणत नाही, पण आकडा समोर असला की डोकं ताळ्यावर राहतं.

आणि बघा, तो आकडा खाली आणायचे दोन रस्ते असतात. काम कमी करा, किंवा बघणारे वाढवा. दुसरा रस्ता लोक विसरतात. आम्ही लपलेले पॉइंटच काढून टाकले. गच्चीचं दार मेनूत सरळ दिसतं, जायचं असेल तर जा. एवढ्यानंच बारातल्या एकाचे सहातला एक झाले, तासभर कामात. मग सीन तिसऱ्या चॅप्टरला अलीकडं ओढला, जिथं जास्त लोक पोचतात, अजून थोडे वाढले. पॉइंट साठवून दार उघडणं हे जुन्या डेटिंग सिमपासून, म्हणजे प्रेम जुळवायच्या गेमपासून, चालत आलंय आणि अनेकांना ते आवडतं, पण दोघांच्या टीमला मी तरी नको म्हणेन, आपली मेहनत कुलपात ठेवल्यासारखं होतं.

पोचणाऱ्यांचा अंदाज कुठून आणायचा? सुरुवातीला सात-आठ ओळखीच्यांना खेळायला द्या आणि शेजारी न बसता द्या, आणि नंतर कुठल्या सेव्ह फाइलवर थांबले ते मागून घ्या. शिवाय स्टीमवर प्रत्येक गेमच्या अचीव्हमेंट, म्हणजे टप्पा गाठल्यावर मिळणारे बिल्ले, किती टक्के लोकांना मिळाल्या ते सगळ्यांना दिसतं. तुमच्यासारखे चार-पाच गेम काढा आणि चॅप्टरनुसार टक्के कसे उतरत जातात ते बघा. आपल्याही गेममध्ये प्रत्येक चॅप्टरच्या शेवटी आणि प्रत्येक रूटच्या तोंडाशी एकेक अचीव्हमेंट ठेवा, पुढच्या गेमला तोच तुमचा खरा डेटा.

पायरी ४: आठवणीचा हिशोब, सगळ्यात जास्त पैसा इथं जातो

या पायरीवर मी जरा थांबतो कारण आम्ही इथंच बुडालो होतो.

सीन बनवायला जे एकवीस तास लागतात ते दिसतात. पण सीन झाल्यावर गेमला तो लक्षात ठेवावा लागतो, आणि ती लक्षात ठेवायची किंमत दिसत नाही. हो किंवा नाही अशी एक गोष्ट लक्षात ठेवायची म्हणजे गेमच्या दोन स्थिती. पाच गोष्टी म्हणजे बत्तीस. दहा गोष्टी म्हणजे एक हजार चोवीस. एवढ्या प्रकारचे खेळणारे एकाच जेवणाच्या टेबलावर येऊन बसतात आणि तुम्हाला असा संवाद लिहायचाय जो कुणालाच खोटा वाटणार नाही. दोन माणसांना हे झेपत नाही, दहा माणसांनाही अवघड.

म्हणून आमचा आता नियम असा की प्रत्येक ऑप्शनल सीनला मागं ठेवायला जास्तीत जास्त एक खूण, म्हणजे कोडमध्ये एकच नोंद, एकच व्हेरिएबल. आणि त्या खुणेला कुठं कुठं आठवायचं ती ठिकाणं आधीच मोजून ठरवायची, आमच्याकडं तीन. तीनदा आठवून झालं की ती खूण मेली, पुढं तिच्याबद्दल काही लिहायचं नाही. गच्चीचा सीन झाला असेल तर दुसऱ्या दिवशी सुपरवायझर वेगळ्या सुरात गुड मॉर्निंग म्हणतो, एकदा सासू विचारते काल रात्री एवढा वेळ वर काय करत होतीस, आणि शेवटच्या चॅप्टरला रेवतीच्या मनात एक वाक्य येतं. बस. तीन जागी मिळून सहा ओळी, आणि खेळणाऱ्याला वाटतं गेमला सगळं लक्षात आहे.

या सहा ओळी लिहायला मला पाऊण तास लागला. याच जागी आधी मी तीन वेगळे सीन लिहिणार होतो. मी याला आठवणीची ओळ म्हणतो आणि मला विचाराल तर अख्ख्या प्रकरणात यासारखी स्वस्त आणि परिणामकारक दुसरी गोष्ट नाही. वेळ उरला तर नवा सीन करू नका, जुन्या सीनला आणखी दोन आठवणीच्या ओळी द्या.

कोडमध्ये हे कसं बसवायचं तर रेनपायमध्ये जंप आणि कॉल असे दोन मार्ग आहेत. जंपनं गेलात की गेलात, परत कुठं यायचं ते तुम्हीच लिहायचं. कॉलनं गेलात तर सीन संपला की रिटर्न होऊन जिथून निघालात तिथंच येता. प्रत्येक ऑप्शनल सीन कॉलनंच बोलवा. असं केलं की सीनला आपोआप एकच दार राहतं, आत एक आणि बाहेर तेच, आणि उद्या तो सीन काढून टाकायचा ठरला तर एक ओळ पुसली की काम झालं. जंपवाले सीन काढताना आमचा अर्धा चॅप्टर उसवला होता. व्हेरिएबल सगळी रेनपायच्या डिफॉल्ट या सूचनेनं वर एका फाइलीत मांडा, म्हणजे नव्या अपडेटमध्ये वाढवलेलं व्हेरिएबल जुन्या सेव्हमध्येही आपोआप येतं आणि गेम क्रॅश होत नाही.

आणि मुख्य वाट खरोखर बदलणारे निर्णय? ते ठेवा, पण मोजून. आमच्या अख्ख्या गेममध्ये आता दोनच आहेत. नवऱ्याला सांगायचं की नाही, आणि कारखाना सोडायचा की नाही. दोन म्हणजे चार स्थिती, चार शेवट, ते मी डोक्यात धरू शकतो. बाकी सगळ्या फांद्या फुटतात आणि पंधरा-वीस मिनिटांत परत कण्याला येऊन मिळतात.

पायरी ५: चादरीसारखं विणा

सोलापुरी चादर जेकार्ड मागावर कशी निघते ते ज्यांनी बघितलंय त्यांना हे लगेच कळेल. नक्षी भोकं पाडलेल्या कार्डांच्या माळेत असते. कार्डं पाडायला डोकं आणि वेळ लागतो, पण एकदा माळ तयार झाली की त्याच माळेवर सूत बदललं की लाल चादर, निळी चादर, हिरवी चादर. प्रत्येक चादरीला नवी कार्डं पाडली असती तर सोलापूरची चादर कुणाच्या अंथरुणात पोचली नसती.

चित्रांना हेच लावा. रेनपायमध्ये लेयर्ड इमेज म्हणून सोय आहे, शरीर, कपडे, चेहरा वेगवेगळे थर. एका पोजला एक शरीर, तीन कपडे, सहा चेहरे म्हणजे दहा तुकडे काढले की अठरा चित्रं मिळतात. दोन पोजचे वीस तुकडे आणि छत्तीस चित्रं. माझ्या मैत्रिणीनं आधी अख्खी चित्रं सुटी काढली होती, बावीस झाल्यावर तिचा हात दुखायला लागला, आणि तेव्हा हे शोधलं. थ्रीडी रेंडर करणाऱ्यांचंही, म्हणजे कॉम्प्युटरकडून चित्र तयार करून घेणाऱ्यांचंही असंच, एक खोली नीट लावून घ्या आणि दिवसाचा, रात्रीचा, लाइट गेलेला असे तीन उजेड त्याच खोलीचे करा. सोलापूरच्या उन्हाळ्यात दुपारभर रेंडरला मशीन लावायचं धाडस मी करत नाही, चव्वेचाळीस डिग्रीला ग्राफिक कार्ड रडतं, रात्री दोननंतर लावतो, तर प्रत्येक रेंडर वाचला तो वाचलाच.

ऑप्शनल सीनसाठी आमचा नियम म्हणजे नवीन जागा एकही नाही. खिशातला सीन कण्यात आधी वापरलेल्या जागेतच व्हायचा. गच्ची नवी होती म्हणून तिला कण्यातही घेतली, सासू पापड वाळत घालते तो सीन अंगणातून गच्चीवर नेला. आता गच्चीचे तास दोन्हीकडं वाटले गेले. नवे पोजही दोनाऐवजी एकच काढला.

पायरी ६: नको असणाऱ्याची सोय

मोठ्यांच्या गेममध्ये हे मनापासून करा. मजकूर कुणाला नको असू शकतो आणि त्याची शंभर कारणं असतात, जुनी जखम असते, किंवा घरात लोक असतात, किंवा नुसतं आवडत नाही. गेम सुरू होतानाच एका स्क्रीनवर साध्या शब्दांत लिहा आत काय काय आहे. आणि प्रत्येक प्रकाराला सेटिंगमध्ये चालू-बंद द्या.

पण किती प्रकार द्यायचे? इथं पण वरचाच हिशोब लागतो, दहा स्विच दिले तर एक हजार चोवीस गेम टेस्ट करावे लागतील. आमच्याकडं तीनच आहेत, जवळीक, मारहाण, व्यसन. स्विच बंद असेल तर सीनच्या जागी दोन-तीन ओळींचा सारांश येतो, म्हणजे उदाहरणार्थ “त्या रात्री तो पिऊन आला. रेवतीनं सासूच्या खोलीची कडी लावली आणि सकाळपर्यंत उघडली नाही.” गोष्ट पुढं कळते, प्रसंग बघावा लागत नाही. सारांश कंटाळा करून लिहू नका. ज्याला तो सीन नको होता त्याच्यासाठी सारांश हाच गेम आहे, त्याला आपण दुय्यम गिऱ्हाईक आहोत असं वाटता कामा नये. मी सारांशाच्या प्रत्येक ओळीला पूर्ण सीनच्या ओळीएवढाच वेळ देतो.

आणि ज्या सीनचा सारांश तीन ओळींत होतच नाही, म्हणजे तो वगळला की गोष्ट कळतच नाही, तो सीन ऑप्शनल नव्हताच. तो कण्यात घ्या आणि सगळ्यांना बघवेल असा लिहा.

पायरी ७: दुकान उद्या काय म्हणेल

जुलै २०२५ मध्ये जे झालं ते या धंद्यातल्या सगळ्यांनी लक्षात ठेवण्यासारखं आहे. पेमेंट कंपन्यांच्या दबावानं स्टीमनं नियम वाढवला की पेमेंट प्रोसेसर आणि कार्ड नेटवर्कचे नियम मोडणारा काही कंटेंट चालणार नाही आणि बरेच गेम काढले, आणि त्याच महिन्यात इच डॉट आयओ या दुसऱ्या गेमच्या साइटनं प्रौढ कंटेंट सर्च आणि ब्राउझमधून एका झटक्यात लपवला. ज्यांचा गेम एकसंध होता त्यांना एक सीन काढणं म्हणजे अख्खा गेम फोडण्यासारखं.

म्हणून प्रत्येक ऑप्शनल सीन वेगळ्या फाइलीत. कण्यातून फक्त एक कॉल. फाइलीचं नाव, त्यातली चित्रं, त्यातली भाषांतरं सगळं एका फोल्डरला. मग उद्या एखाद्या दुकानाला एक सीन नको असेल तर त्या दुकानाच्या बिल्डमध्ये, म्हणजे तिथं द्यायच्या प्रतीत, तो स्विच कायमचा बंद ठेवायचा, पायरी सहामधला सारांश तयारच आहे. कष्ट एकदाच घेतले आणि ते दोन ठिकाणी उपयोगी पडले. स्टीमला प्रत्येक गेमला शंभर डॉलर भरावे लागतात, ते कमाई हजार डॉलरच्या वर गेल्यावर परत मिळतात, पण गेम अडकून पडला तर ते पैसे आणि महिने दोन्ही गेले, दोघांच्या टीमला ते परवडत नाही.

पायरी ८: मागणी करणाऱ्यांशी कसं वागायचं

दर महिन्याला पैसे देणारे सपोर्टर मिळाले की ते सीन मागतात. अमक्या पात्राबरोबर सीन द्या, शेजारणीचा रूट करा. त्यांच्या पैशावर आपला डाव चालतो, त्यांचा मान ठेवायचा. पण मोकळं व्होटिंग ठेवू नका. आधी तुम्ही वहीतून चार सीन काढा ज्यांची किंमत तुम्हाला माहीत आहे आणि चारही परवडणारे आहेत, मग मत मागा. कुठलाही जिंकला तरी वेळापत्रक मोडत नाही.

आणि हे पण लिहून ठेवतो, शेजारणीचा रूट मागणारे पाच जण मोठ्यानं बोलतात आणि कण्यात खूश असलेले पन्नास जण गप्प असतात. गप्प माणसांचा पुढचा चॅप्टर उशिरा गेला तर ते न सांगता निघून जातात.

हौसेसाठी मात्र थोडी जागा ठेवाच. एकूण तासांचा दहावा हिस्सा आम्ही असा ठेवलाय जिथं किंमत बघायची नाही. एक सीन आहे, गड्ड्याच्या, म्हणजे सोलापूरच्या सिद्धेश्वराच्या यात्रेत रेवती एकटीच पाळण्यात बसते आणि वरून दिवे बघते, संवाद चार ओळींचा, कुणी प्रेमी नाही, काही नाही, आणि तो फार थोड्यांना मिळणार. माझ्या मैत्रिणीनं त्याला तीन रात्री घातल्या. तो सीन काढायचं नाव मी कधी काढणार नाही. ज्याला तो सापडेल त्याला कळेल की हा गेम कुणीतरी जीव लावून केलाय.

पायरी ९: टेस्टिंग

सगळ्या वाटा खेळून बघणं शक्य नाही, त्यामुळं ठरावीक फेऱ्या करा. पहिली फेरी सगळ्याला नाही. दुसरी सगळ्याला हो. मग प्रत्येक ऑप्शनल सीन एकेकटा, म्हणजे तो एकच घ्यायचा आणि बाकी सगळं नाही. आमचे चौदा खिसे आहेत म्हणजे चौदा फेऱ्या, पण अख्खा गेम खेळायचा नाही, सीनच्या आधीच्या सेव्हपासून त्याच्या तीन आठवणीच्या जागांपर्यंत उड्या मारत. शेवटी तिन्ही स्विच बंद करून एक पूर्ण फेरी, आणि ही फेरी दमलेल्या रात्री नाही, रविवारी सकाळी ताज्या डोक्यानं करा.

रेनपायचं लिंट, म्हणजे चुका शोधणारं साधन, रोज चालवा, ते तुटलेली लेबलं, नसलेली चित्रं दाखवतंच, शिवाय एकूण शब्द किती ते मोजून देतं. मी कण्याच्या फाइली आणि खिशांच्या फाइली वेगळ्या ठेवल्यात म्हणून दोन्हीकडचे शब्द वेगळे कळतात. सध्या कण्यात शंभर शब्द असतील तर खिशांत चाळीसच्या आसपास. पन्नासच्या वर गेलं की मी नवा खिसा शिवायचं थांबवतो आणि पुढचा चॅप्टर हातात घेतो. मराठीत गेम करणाऱ्यांनी अजून एक बघा, जुन्या रेनपायमध्ये जोडाक्षरं फुटायची, नव्या व्हर्जनमध्ये हार्फबझ ही अक्षरं नीट जुळवणारी सोय आल्यापासून नीट दिसतात, पण निवडीच्या बटणांवर लांब मराठी वाक्य कापलं जातंय का ते प्रत्येक मेनूला डोळ्यानं बघावं लागतं.

अपडेटमध्ये जुन्या चॅप्टरला नवा खिसा जोडला तर जे लोक पुढं गेलेत त्यांना तो दिसणार नाही आणि ते पहिल्यापासून खेळणार नाहीत. त्यांच्यासाठी मेन मेनूत रिप्लेची सोय ठेवा, रेनपायमध्ये ती तयार मिळते, सीनच्या शेवटी एक ओळ आणि मेनूत एक बटण घालायचं, आणि बटणाचं लॉक बंद ठेवायचं, नाहीतर आधी न बघितलेला सीन उघडत नाही. तिथून तो एकटा सीन बघता येतो. बघणारे एकदम वाढतात आणि पायरी तीनमधला आकडा खाली येतो.

गच्चीचा सीन सध्या असा आहे. जागा कण्यात वाटली गेली, पोज एकच झाला, दार मेनूत दिसतं, आठवणी तीन, सारांश तीन ओळी. एकवीस तासांचे तेरा झाले आणि बारातल्या एकाऐवजी माझ्या टेस्टरांपैकी आठातल्या तिघांनी तो बघितला. चौथा चॅप्टर कालच लिंटमधून स्वच्छ निघाला, आता रविवारची फेरी.